दातांच्या डॉक्टरची बिअर

"तांडार्ट्स," शेजारचे आजोबा म्हणाले आणि त्यांनी ग्लास बाजूला सरकवला.

मला वाटलं, एखाद्या बिअरचंच नाव असेल. बेल्जियममध्ये बिअरला काहीही नाव असतं. एकीच्या नावाचा अर्थ सैतान, दुसरीच्या नावाचा अचानक मृत्यू. मोबाइलमध्ये शब्द घातला तर उत्तर आलं: दातांचा डॉक्टर. मग मीही माझा ग्लास पुन्हा हुंगला. खरंच की! लहानपणी दाढ ठणकायला लागली की आई कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घालून द्यायची, अगदी तोच वास. त्याच्यावर कुणीतरी संत्र्याची साल पिळलेली. घोट गिळल्यावर काढ्यासारखं काहीतरी टाळूला चिकटून राहायचं ते वेगळंच. आणि अशा पन्नासएक बाटल्या खाली तळघरात रांगेनं उभ्या होत्या.

ही २०२१ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी ल्युव्हनला राहतो. मूळ गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग आहे. बिअर करायचा नाद या आजोबांमुळे लागला. ते निवृत्त शाळामास्तर, गेली तीसेक वर्षं गॅरेजमध्ये बिअर करतात. इथे घरच्यापुरती केली तर कुणी आडकाठी करत नाही. आमच्याकडे कायद्यानं प्यायलाही परवाना लागतो, करण्याचं तर नावच नको. त्यांच्या हाताखाली दोन-तीनदा ढवळाढवळ केल्यावर मला वाटलं, आता आपली स्वतःची पाककृती हवी. तीही साधी नको. बेल्जियन यीस्टचा फळांचा-मसाल्यांचा वास आणि वर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलाच्या बोंडांचा, दणदणीत घमघमाट, दोन्ही एकाच बाटलीत. मला दोन्ही आवडतात, मग एकत्र का नाही? बासुंदी आवडते आणि मिसळही आवडते, म्हणून दोन्ही एका वाटीत घ्यावं, असा तो विचार होता, हे नंतर कळलं.

त्या पहिल्या पाककृतीचा कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. सुरुवातीची घनता १.०७२ (पाण्याची १ धरायची, वरचं सगळं मुख्यतः साखरेचं). कडवटपणा ६५ आयबीयू, म्हणजे साधारण लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम कडू द्रव्य. चारशे ग्रॅम कॅरमल माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), कारण अमेरिकन आयपीएच्या, म्हणजे हॉप्सनी भरलेल्या कडू बिअरच्या, एका पाककृतीत होता. शिनूक, सिम्को आणि सिट्रा असे तीन अमेरिकन हॉप्स. कोरड्या यीस्टचं एक पाकीट, ज्याच्यावर 'मसालेदार' असं लिहिलं होतं आणि ते वाचूनच मी ते घेतलं होतं. त्यात भर म्हणून गव्हाच्या बिअरबद्दल कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि धान्य भिजवताना पहिली वीस मिनिटं तापमान ४५ अंशांवर धरलं. आंबवण स्वयंपाकघरात, हीटरशेजारी, २५ अंशांवर.

एकही चूक सुटलेली नाही. बेल्जियन यीस्टच्या बहुतेक जाती धान्यातल्या फेरुलिक ॲसिडचं रूपांतर ४-व्हिनाइल ग्वायाकॉल नावाच्या द्रव्यात करतात. लवंगेतलं युजेनॉल हे याचं सख्खं नसलं तरी चुलत भावंड आहे. धान्य ४५ अंशांच्या आसपास ठेवलं की फेरुलिक ॲसिड जास्त सुटतं. म्हणजे मी यीस्टला पोटभर कच्चा माल पुरवला, वर ऊब दिली, आणि लवंगेच्या त्या डोंगरावर अमेरिकन हॉप्सची राळ ओतली. राळ अधिक लवंग, म्हणजे दवाखाना.

आजोबा मात्र रागावले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "यीस्ट कुठलं, हे आधी ठरवलंस की हॉप्स कुठले, हे आधी?"

"हॉप्स."

"हं," म्हणाले आणि त्यांनी त्यांच्या गॅरेजातून चार बाटल्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. "या पी. एका रात्रीत नको."

पहिली ऑर्व्हाल. दक्षिणेला फ्रान्सच्या सीमेजवळच्या मठातली, तिथला ब्रुअरीचा कारखाना १९३१ सालचा. बेल्जियन बिअरमध्ये हॉप्स म्हणजे काय हे बघायचं तर इथूनच सुरुवात करावी. आंबवून झाल्यावर त्यात कोरडे हॉप्स भिजवतात आणि बाटलीत भरताना ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट घालतात. ताजी असताना हॉप्स बोलतात, वर्षभरानं ते गप्प होतात आणि चामड्यासारखा, तबेल्यासारखा वास वर येतो. दुसरी डे रांकेची एक्सएक्स बिटर. नावातच कडू आहे आणि ती खरोखर कडू आहे, कारल्यासारखी सरळ, लाडीगोडी न लावणारी. तिसरी हूब्लाँ शूफ, आर्डेन्सच्या टेकड्यांतली, २००६ पासूनची, नऊ टक्क्यांची. टॉमाहॉक, साझ आणि ॲमारिलो असे तीन हॉप्स. चौथी डुव्हल. तिला कुणी हॉप्सची बिअर म्हणत नाही, पण ती मुद्दाम दिली होती.

वहीत टिपणं काढत चार संध्याकाळी प्यायलो. चौघींत काही म्हणजे काही साम्य नव्हतं, एक सोडून: कुठेच गोडवा नव्हता. कोरड्या ठाक. घोट गिळला की तोंड मोकळं. माझ्या त्या दंतवैद्याच्या बिअरमध्ये कॅरमल माल्टचा चिकट गोडवा तळाशी बसला होता आणि त्याच्यावर कडवटपणा, लवंग, राळ हे सगळे गर्दीतल्या एसटीसारखे एकमेकांच्या अंगावर. अमेरिकन पद्धतीत तो गोडवा कडूपणाला आधार देतो. बेल्जियन यीस्ट आलं की त्यालाच जागा लागते, मग गोडव्याला उठावं लागतं.

इथून पुढे मी पाककृती 'जुळवायची' सोडली आणि एकेक गोष्ट काढून बघायला लागलो.

सगळ्यात आधी यीस्ट. दहा लिटर साधा रस केला, फक्त पिल्सनर माल्ट आणि थोडीशी साखर, हॉप्स नावापुरते. आंबण्याआधीच्या या गोड रसाला वर्ट म्हणतात. तो पाच-पाच लिटरच्या दोन काचेच्या बरण्यांत ओतला. एकीत ३५२२ क्रमांकाचं 'आर्डेन्स' यीस्ट, दुसरीत १३८८, जे डुव्हलच्या घराण्यातलं मानतात. (त्या घराण्याची कथाही मजेची आहे. पहिल्या महायुद्धानंतर आल्बेर मोर्टगाट इंग्रजी धर्तीची एल करायची म्हणून स्कॉटलंडला यीस्ट शोधायला गेले आणि तिथून आणलेल्या यीस्टवर आजची ही पक्की बेल्जियन बिअर उभी आहे.) दोन्ही बरण्या तळघरात, १८ अंशांवर. रोज सकाळी कामावर जाण्याआधी खाली जाऊन दोन्ही हुंगायच्या, हा महिनाभराचा नेम झाला. बायको म्हणाली, देवाला इतक्या नेमानं कधी हात जोडले नाहीस.

आठव्या दिवशी आर्डेन्सच्या बरणीला पिकत आलेल्या पेअरचा वास होता, मागे थोडी पांढरी मिरी. लवंग शोधावी लागत होती. दुसरी बरणी सावकाश चालली होती, तिला हिरव्या सफरचंदाचा वास आणि तिखटपणा जरा पुढे. पिण्याला दुसरी जास्त चांगली होती, हे कबूल करतो. पण मला हॉप्सना जागा देणारं यीस्ट हवं होतं. आर्डेन्स ठरलं.

मग हॉप्स. कुठल्या हॉपचा वास या यीस्टबरोबर कसा लागेल हे बघायला वीस-वीस लिटर करत बसलो असतो तर पाच वर्षं गेली असती. आजोबांनी युक्ती सांगितली: दुकानातल्या साध्या ब्लाँड बिअरच्या बाटल्या आण, झाकण उघड, हॉपच्या दाबलेल्या गोळ्या आत टाक, पुन्हा झाकण ठोक, तीन दिवस फ्रिजमध्ये ठेव. ३३ सेंटिलिटरच्या बाटलीला एक ग्रॅम, म्हणजे लिटरला तीन.

त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही, किंवा मला शिकायला मिळावी म्हणून गिळली. मी बाटली उघडली, गोळ्या टाकल्या. क्षणभर काहीच नाही. मग आतून खोकल्यासारखा आवाज आला आणि हिरवा फेस थेट छताला. बिअरमध्ये वायू दाबून विरघळलेला असतो, त्याला बुडबुडे व्हायला खरबरीत जागा हवी असते आणि हॉपच्या गोळीइतकी खरबरीत जागा दुसरी नाही. छतावरचा तो हिरवट डाग घरमालकाच्या पाहणीआधी रंगवावा लागला. दुसऱ्या वेळी बाटल्या रात्रभर जेमतेम एक अंशावर थंड केल्या, गोळ्या चिमटीत तयार ठेवल्या, टाकल्या-टाकल्या झाकण दाबलं. फेस गळ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

तीन दिवसांनी पाच ग्लास, तळाला चिठ्ठ्या. बायको बिअर पीत नाही, पण नाक तिचं. भाजीवाल्याच्या टोपलीतला आंबा पिकला की नाही ते रस्त्याच्या पलीकडून सांगणाऱ्या घरातली आहे ती. तिला नावं न सांगता एकेक ग्लास दिला.

"हा ओल्या गवताचा. पाऊस पडून गेल्यावर बांधावर बसल्यासारखं." साझ होता.

"याला फुलं आहेत, पण सुकलेली. निर्माल्य म्हण ना." स्टायरियन गोल्डिंग.

"संत्रं. आणि जर्दाळू?" ॲमारिलो.

"हा पिकलेला पेरू. एकदम पिकलेला. पण पेरूत कुणीतरी लवंग खोचून ठेवलीय." सिट्रा. त्या ग्लासाला तिनं परत हात लावला नाही आणि सिट्रा यादीतून गेला. सिट्रा वाईट असं नाही, दुसऱ्या बिअरमध्ये मला तो फार आवडतो. डुव्हलच्या तीन हॉप्सच्या बिअरमध्येही तो वापरला गेला आणि त्यांना तो जमला. माझ्या हाताला तो जमणार नव्हता.

पाचवा ग्लास शिनूक. तो हुंगून ती नुसतं म्हणाली, "दंतमंजन."

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही पोपरिंगेला गेलो. बेल्जियमचे हॉप्स मुख्यतः पश्चिम फ्लांडर्समधल्या याच गावाच्या आजूबाजूला होतात. आगगाडीचं शेवटचं स्टेशन, त्यापुढे रूळच नाहीत. तिथे हॉपला 'होमेल' म्हणतात. दर तीन वर्षांनी हॉप्सचा उत्सव असतो आणि १९८१ सालच्या उत्सवासाठी केलेली होमेलबिअर आजही मिळते. गावातल्या जुन्या तोलघरात हॉप्सचं संग्रहालय आहे, पण मला शेतं बघायची होती.

शेताच्या कडेला उभा राहिलो आणि गावी द्राक्षबाग बघणाऱ्या अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. सहा-सात मीटर उंचीचे खांब, वर ताणलेल्या तारा, तारेवरून खाली सोडलेल्या दोऱ्या आणि त्यांना वेटोळे घालत वर गेलेले वेल. अण्णांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरलेला असणार, मला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

"एवढ्या उंच मांडवावर फवारणी कशी करत्यात रं?"

"ट्रॅक्टरनं, अण्णा."

"आन छाटणी?"

"द्राक्षासारखी छाटणी नाही. काढणीला अख्खा वेलच खाली ओढतात. मुळं राहतात, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतं."

"मग बरं हाय," अण्णा म्हणाले. एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, मजुरांच्या मागे धावणं, हे सगळं त्या तीन शब्दांत होतं.

वाळवण्याच्या खोलीत त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर पसरतो आणि पंधराएक दिवस वारा खातो. इथे गरम हवेची भट्टी, काही तासांत काम फत्ते, दहा टक्क्यांच्या आसपास ओल ठेवायची. जास्त ओल राहिली तर कुबट, जास्त वाळले तर चुरा. "बेदाण्याचंच गणित की," अण्णा म्हणाले. तिथल्या शेतकऱ्यानं माझ्या ओंजळीत ताजी बोंडं दिली आणि चुरगळायला सांगितलं. हॉपचं बोंड म्हणजे हिरव्या कागदाचे पदर एकावर एक लावलेलं पाइनचं पिल्लू. आत पदरांच्या बुडाशी ल्युप्युलिनची पिवळी पूड असते, कडूपणा आणि वास दोन्ही तिच्यातच. ती फक्त मादी वेलाला येते. तळहात बघितले तर जेजुरीहून आल्यासारखे. भंडाऱ्यासारखी पिवळी, पण चिकट पूड. परतीच्या गाडीत तीन तास हाताला तो वास होता आणि समोरची बाई जागा बदलून बसली.

आता कागदावर बसायची वेळ आली.

कडूपणाचं गणित मला सुरुवातीला फार भारदस्त वाटायचं. ते किराण्याच्या हिशोबापेक्षा अवघड नाही. मॅग्नम हॉपच्या पाकिटावर अल्फा ॲसिड (कडूपणा यातूनच येतो) १२ टक्के लिहिलेलं. २१ ग्रॅम घेतले तर त्यात अडीच ग्रॅमच्या वर जरासं ॲसिड. ते वीस लिटरमध्ये वाटलं तर लिटरला १२६ मिलिग्रॅम. पण ते सगळं उतरत नाही. उकळत्या रसात ॲसिडची रचना बदलते आणि मगच ते विरघळतं, तासभर उकळलं तरी एक पंचमांशाच्या जरासं वरच हाती लागतं. म्हणजे साधारण २६ आयबीयू. शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी चार टक्केवालं स्टायरियन गोल्डिंग ३० ग्रॅम, त्याचे सहाएक. गॅस बंद करून ८० अंशांवर आल्यावर घातलेल्या साझचे दोन-तीन धरा. एकूण ३५. पहिल्या वेळच्या ६५ च्या जवळजवळ निम्मे.

मला ३५ हा आकडा लाजिरवाणा वाटत होता. हॉप्सची बिअर म्हणायची आणि पस्तीस? आजोबा म्हणाले, "तुझी बिअर कोरडी असणार, आणि वायू भरपूर असणार. दोन्हींनी कडू वाढतं. जिभेला आकडा वाचता येत नाही."

धान्याचं सोपं होतं, कारण तिथे काढूनच टाकायचं होतं. कॅरमल माल्ट गेला. पिल्सनर माल्ट चार किलो, फेस टिकावा म्हणून गव्हाचा माल्ट चारशे ग्रॅम, रंगाला आणि पावाच्या कडेसारख्या चवीला म्युनिक माल्ट तीनशे. आणि चारशे ग्रॅम साखर. बेल्जियन पाककृतींत कँडी शुगरचं फार कौतुक असतं, पण फिकट बिअरला साधी पांढरी साखर पुरते. साखर घातली की बिअर गोड होते असं आईला वाटतं, मलाही वाटायचं. होतं उलटंच. यीस्ट ती पूर्ण खाऊन टाकतं, मागे काही उरत नाही, बिअर हलकी आणि कोरडी होते. ल्युव्हनपासून अर्ध्या तासावर टीनेन हे साखरेचं गाव आहे, बिटापासूनची साखर. सांगलीच्या माणसानं बिटाची साखर विकत घ्यायची! बायकोनं गूळ सुचवला. एक लिटरभर करून बघितलं, काकवीची चव सगळ्यांवर बसली, सोडून दिलं.

पाण्याचा विषय मी टाळत होतो. ल्युव्हनचं नळाचं पाणी इतकं जड आहे की चहाच्या किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो. फिकट माल्टला असलं पाणी दिलं की आम्लता हवी तिथे येत नाही आणि सालीतला तुरटपणा उतरतो. अर्धं पाणी नळाचं आणि अर्धं स्पा गावचं बाटलीतलं, ज्याच्यात खनिजं जवळजवळ नाहीतच, असं मिसळलं. थोडं लॅक्टिक ॲसिड, चिमूटभर जिप्सम. जिप्सम जास्त झालं की हॉप्स टोचायला लागतात, म्हणून चिमूटच.

दुसरी खेप मार्चमध्ये लावली. धान्य कापडी पिशवीत घालून ६५ अंशांवर सव्वा तास, मग चक्का टांगतात तशी पिशवी आडव्या दांड्याला टांगून निथळायला ठेवली. (चोथा वाळवून भाजणीत मिसळला होता, थालीपीठ खमंग झालं, पण दातात फोलपटं अडकतात. दात हा या सगळ्या प्रकरणाचा स्थायीभाव.) घनता १.०५८ मिळाली, ठरवली होती तेवढीच. तेवढ्यावरून मी जरा हवेत गेलो.

आंबवण १८ अंशांवर सुरू, तीन दिवसांनी २२. घनता १.००९ वर थांबली. मग ड्राय हॉपिंग, म्हणजे ऑर्व्हालसारखे कोरडे हॉप्स भिजवणं: ॲमारिलो आणि स्टायरियन मिळून साठ ग्रॅम, पाच दिवस. पुन्हा मोजायचं कशाला, आंबून तर झालंय, असं म्हणून १६५ ग्रॅम साखर घालून १९ लिटर बाटल्यांत भरलं.

सतराव्या रात्री तळघरातून आवाज आला. खाली गेलो तर एका बाटलीच्या काचा पार सायकलपर्यंत उडाल्या होत्या. जाड काचेच्या, दुकानात परत केल्या की दहा सेंट मिळतात त्या बाटल्यांनी तग धरला. फुटली ती कुठल्या तरी सरबताची पातळ बाटली होती, जी मी काटकसर म्हणून वापरली. जाड कोट, शेतातल्यासारखे हातमोजे आणि बायकोचा पोहण्याचा चष्मा घालून उरलेल्या बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून टबात नेल्या, बर्फ ओतला, दुसऱ्या दिवशी एकेक झाकण हळूच सैल केलं. अर्धी बिअर मोरीत. उरलेलीतला वायू काढून मोजली तर घनता १.००६.

घनतेचे तीन अंश (०.००३) कुठे गेले? हॉप्सनी खाल्ले, म्हणजे खायला लावले. हॉप्समध्ये थोडी विकरं असतात. यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्यांच्या साखरा ती तोडतात, आणि झोपलेलं यीस्ट पुन्हा जेवायला उठतं. याला हॉप क्रीप म्हणतात. माझ्यासारख्यांना ही नवी भानगड वाटते, पण ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनज्ञांनी १८९३ सालीच याबद्दल लिहून ठेवलंय. बाटलीत घनतेचा एक अंश उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम वायू वाढतो (बिअरच्या आकारमानाइतका वायू म्हणजे एक व्हॉल्यूम). मी साखरेनं तीन व्हॉल्यूम ठरवले होते, वर दीडची भर. साडेचार व्हॉल्यूम आणि सरबताची बाटली.

गंमत म्हणजे त्या उधळलेल्या बिअरचा वास अप्रतिम होता. टबाशेजारी उकिडवा बसून मी वाटीनं प्यायलो. पेअर, संत्रं, सुकलेली फुलं. लवंग नाही. नुसती हॉप्सची पकड जरा जास्त होती, गवत चघळल्यासारखी.

तिसऱ्या खेपेत म्हणून पाककृतीला हात लावलाच नाही म्हटलं तरी चालेल. धान्य तेच, उकळीचे हॉप्स तेच. गॅस बंद केल्यावर साझ ३० ग्रॅम, वीस मिनिटं. ड्राय हॉप साठावरून चाळीसवर आणला, ॲमारिलो २५ आणि स्टायरियन १५. आणि तो आंबवण संपल्यावर नाही, घनता १.०१२ ला असतानाच घातला, म्हणजे विकरांना जे तोडायचं ते यीस्ट जागं असेपर्यंत तोडू दे. तीन दिवसांनी हॉप्स काढले. मग थांबलो. २३ अंशांवर, रोज मोजत. १.००८, १.००७, १.००७, १.००७. एक नमुना कोमट पाण्यात ठेवून हुंगला, लोण्याचा वास नाही ना ते बघायला, कारण हॉप क्रीपमागोमाग तोही येतो. नव्हता. तरी दोन दिवस अजून थांबलो. सरबताच्या बाटल्या आधीच काचेच्या डब्यात टाकून आलो होतो.

अल्कोहोल ६.७ टक्के निघालं. चार आठवड्यांनी आजोबांना बोलावलं. त्यांनी ग्लास उजेडात धरला, फेस बघितला, हुंगलं, आणि काही न बोलता पहिला ग्लास संपवला. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. दुसरा ओतताना त्यांनी माझी वही ओढली, खिशातलं पेन काढलं आणि 'साझ ३० ग्रॅम' च्या खाली एक रेघ मारली.

"हा कशाला आहे?"

मी म्हटलं, ओल्या गवताचा वास येतो त्याचा.

"मला नाही आला. तुला येतो?"

मी पुन्हा हुंगलं. बायकोला हाक मारली, तिनं हुंगलं. तिला पेअर आला, संत्रं आलं, निर्माल्य आलं. बांध आला नाही.

चौथी खेप शनिवारी लावतोय. मॅग्नमची दोन ग्रॅमांची भर घातली की कडूपणा तेवढाच राहतो. साझचं उरलेलं पाकीट फ्रिजरमध्ये आहे, आजोबा मागत होते.